जुन्या कळपात नव्या तलंगा कशा मिसळाव्यात

परसातलं सहा-सात कोंबड्यांचं खुराडं सुरळीत चाललेलं असतं. त्यातल्या दोघींची अंडी कमी होतात, म्हणून आठवडी बाजारातून चार-पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणायच्या आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडून द्यायच्या, ही बहुतेक घरांतली रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एकीचं डोकं रक्तबंबाळ असतं, दुसरी कोपऱ्यात तोंड खुपसून उभी असते आणि पंधरवड्यात जुन्या कोंबड्याही शिंकू लागतात. मारामारी आणि रोगराई अशी ही दोन वेगवेगळी नुकसानं आहेत आणि दोन्ही टाळता येतात. खर्च फार नाही. साधारण सहा आठवड्यांची सवड (चार नव्यांना वेगळं ठेवायला, दोन जाळीआडून ओळख व्हायला), एक जाळी आणि दाण्या-पाण्याची चार जादा भांडी एवढ्यावर काम भागतं.

इथे हिशेबासाठी सहा जुन्या कोंबड्या, एक कोंबडा आणि पाच नव्या तलंगा धरल्या आहेत. आकडे आपल्या कळपाप्रमाणे वाढवावेत.

मारामारी होतेच, पण का?

कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. कोण कोणाला टोच मारेल, दाण्यावर आधी कोण येईल, दांडीवर मधली जागा कोणाची, हे एकदा ठरलं की कळप शांत राहतो. थोर्लेफ श्येल्डरूप-एबे या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२० च्या दशकात ही उतरंड पहिल्यांदा नीट मांडली. आपल्याकडे कोंबड्या पाळणाऱ्या कोणाही बाईला ती नाव न देताही ठाऊक असते.

ही पायरी गटागटाने ठरत नाही, जोडीजोडीने ठरते. सहा जुन्या आणि पाच नव्या म्हणजे तीस जोड्या. प्रत्येक जोडीला एकदा तरी समोरासमोर यावं लागतं, म्हणून टोचाटोची पूर्ण थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. मार खाणारीला पळायला वाट मिळते का, पळून गेल्यावर दुसरीकडे दाणा-पाणी मिळतं का आणि रात्री निवांत बसता येतं का, एवढंच आपल्याला पाहायचं असतं. ‘आमच्या कोंबड्या फार मारकुट्या आहेत’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिथे जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा दाण्याचं भांडं एकच असतं आणि खुराडं अर्ध्या जागेचं.

किती मोठ्या तलंगा आणाव्यात

कळपात मोकळ्या सोडताना तलंगा किमान १२ आठवड्यांच्या असाव्यात. १४ ते १६ आठवडे झाले असतील तर आणखी चांगलं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) आर-टू-बी लस साधारण आठव्या आठवड्यात टोचली जाते. त्यानंतरचे विलगीकरणाचे चार आठवडे आणि जाळीआडचे दोन आठवडे मोजले की आपोआप चौदावा आठवडा येतो. याहून फार उशीरही नको. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती साडेपाच-सहा महिन्यांत अंड्यावर येतात, गावठीला त्याहून जास्त दिवस लागतात. अंडी सुरू व्हायच्या निदान महिनाभर आधी तलंग कळपात रुळलेली असावी. नाहीतर ताणामुळे पहिलं अंडंच लांबतं.

वजनाचा साधा नियम असा, की नवी कोंबडी जुनीच्या दोन-तृतीयांश तरी भरावी. पण गावठी आणि सुधारित जाती एकत्र असल्या की हा नियम फसवतो. गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची. गिरिराजची तलंग तीन महिन्यांतच त्या वजनाला पोचते, पण स्वभावाने अजून पिल्लूच असते. दीड किलोची चपळ गावठी तिला सहज पळवून लावते. वजन जुळलं म्हणून वय कमी धरू नये.

एकटी कोंबडी कधीही आणू नये. निदान तीन आणाव्यात आणि त्या आधीपासून एकत्र वाढलेल्या असाव्यात. एकटी असली की सहाही जणींचा मार तिच्या एकटीच्या वाट्याला येतो. दिसायला एकदम निराळी असलेली एखादीच पक्षीण, म्हणजे तांबड्या कळपात एकटी कडकनाथ किंवा एकटीच बोडक्या मानेची, हीही लक्ष्य होते. निराळी जात हवी असेल तर तिच्या दोन-तीन एकदम घ्याव्यात.

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून तलंगा गट घेणाऱ्यांना ८ ते १० आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर एकदम मिळतात. अशा वेळी नवे पक्षी जुन्यांच्या चौपट होतात, त्यामुळे मारामारीची भीती कमी असते. जागेची आणि रोगाची मात्र जास्त. आधी जागा मोजावी, मग अर्ज करावा.

कोणत्या महिन्यात

महाराष्ट्रात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघालेली पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मिसळण्याजोगी होतात. जून-जुलैच्या झडीत कोंबड्या दिवसभर कोंडलेल्या असतात, खुराड्यात अंथरलेलं तूस ओलं होतं आणि रक्ती हगवण जोर धरते. एप्रिल-मेमध्ये उन्हाने तोंड उघडून धापा टाकणाऱ्या कोंबडीला पळापळीचा ताण झेपत नाही. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात तर तो उष्माघातावरच जातो. या महिन्यांत तलंगा मिळाल्याच तर त्या वेगळ्या वाढवाव्यात आणि मिसळण्याचं काम पुढे ढकलावं.

विलगीकरण: हे चार आठवडे सोडू नका

नव्या कोंबड्या पाहायला कितीही टवटवीत असोत, त्यांना ३० दिवस वेगळं ठेवावं. जुन्या खुराड्यापासून निदान ३० ते ४० फूट लांब, शक्य तर घराच्या दुसऱ्या अंगाला आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला. दाण्याचं भांडं, पाण्याचं भांडं, झाडू, बादली आणि पायातली चप्पल, सगळं वेगळं. रोज आधी जुन्यांचं काम उरकावं, मग नव्यांकडे जावं आणि परत येताना हात साबणाने धुवावेत. घरात आपणच उबवून वाढवलेली पिल्लं असतील आणि मधल्या काळात बाहेरचा एकही पक्षी आला नसेल, तरच ही पायरी गाळता येते.

आठवडाभर पुरेसा का होत नाही? सीआरडीसारख्या श्वासाच्या आजारातून बरी झालेली कोंबडी पुढेही जंतू बाळगून असते. तिला काही होत नाही. जागा बदलली, प्रवास झाला की ताणाने जंतू वाढतात, शिंका सुरू होतात आणि हे उघड व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणून विलगीकरणाच्या शेवटच्या आठवड्यात एक जुनी, कमी अंडी देणारी कोंबडी नव्यांच्या सोबत ठेवण्याची एक चांगली पद्धत आहे. ती आजारी पडली तर उरलेला कळप वाचतो. नव्या आजारी पडल्या तर रोग आपल्याच घरात आहे हे कळतं.

या काळात रोज पाहायच्या गोष्टी: डोळ्यात फेस, नाकातून पाणी, रात्री खुराड्याजवळ उभं राहिल्यावर ऐकू येणारी घरघर, हिरवी किंवा रक्ताळ विष्ठा, लुळी पडलेली मान किंवा पाय. आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडी हातात घ्यावी. शेपटीखालची पिसं बाजूला करून पिसांच्या मुळाशी उवा आणि लिखा पाहाव्यात. पायावरचे खवले वर उचललेले, पांढुरके दिसले तर खवल्यांखाली किडे आहेत असं समजावं. त्यावर पाय कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासावेत आणि आठवड्यातून दोनदा खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जाड थर देऊन लावावं. नवे खवले यायला महिना-दोन महिने जातात. लाल पिसवा दिवसा अंगावर सापडत नाहीत, दांडीच्या फटीत लपतात. रात्री बॅटरी लावून दांडीच्या खालच्या बाजूला बोट फिरवावं. बोटाला रक्ताचा डाग लागला तर त्या आहेत.

दुसऱ्या आठवड्यात जंताचं औषध द्यावं, म्हणजे मिसळण्याआधी त्याचा परिणाम पुरा होतो. पायपेराझिन फक्त गोल जंतांवर चालतं. अल्बेंडाझोल अधिक प्रकारांवर चालतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच द्यावी आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथेच विचारून घ्यावं. जुन्या कळपालाही त्याच दिवशी औषध दिलं तर पुढे एकमेकींचे जंत एकमेकींना लागत नाहीत.

लसीकरणाचं वेळापत्रक साधारण असं असतं: पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच मरेक्स, ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा (हीही मानमोडीचीच लस) थेंब, १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, २८ व्या दिवसाच्या सुमारास पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या आठवड्यात आर-टू-बी. बाजारातल्या तलंगांना यातलं काय दिलं आहे ते विकणाऱ्याला विचारावं. ठाम उत्तर नसेल तर दिलेलं नाही असंच धरावं. मानमोडी एकदा घुसली की लस नसलेलं खुराडं काही दिवसांत रिकामं होऊ शकतं. लसीची बाटली बहुधा १०० पक्ष्यांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवून एकत्र लस द्यावी. बाटली दुकानापासून घरापर्यंत बर्फावरच यायला हवी. लसीनंतर दोन आठवडे मिसळण्याचं नाव काढू नये. शरीराला तेवढी उसंत लागतेच.

या महिन्यात एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर ते विकू, कापू किंवा ओढ्यात टाकू नयेत. दवाखान्यात कळवावं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने बर्ड फ्लूपायी जे भोगलं, ते महाराष्ट्रात कोंबड्या पाळणाऱ्या कोणीही विसरू नये.

जाळीआडचे दोन आठवडे

सगळ्या कामाचा कणा हाच आहे. एकमेकींना दिसतील, आवाज ऐकू येतील, पण चोच पोचणार नाही अशा अंतरावर दोन्ही गट चौदा दिवस राहिले की बऱ्याच जोड्यांचा निकाल जाळीतूनच लागतो. दोघी जाळीशी उभ्या राहतात, मानेची पिसं फुलवतात, एक मान खाली घालून बाजूला होते. सोडल्यावर या दोघींना पुन्हा लढायची गरज उरत नाही.

पाच तलंगांसाठी जुन्यांच्या आवारातच ६ फूट × ८ फूट एवढा कप्पा करावा. साहित्य असं लागेल:

- एक इंच भोकांची वेल्डमेश जाळी, ४ फूट रुंद, साधारण ३० फूट
- खांबांसाठी दीड-दोन इंच जाडीचे बांबू, ६ फुटांचे आठ
- वरून झाकायला ८ × १० फुटांचं शेडनेट किंवा मासेमारीचं जुनं जाळं
- बांधायला बारीक तार, पक्कड
- आत रात्रीसाठी एक डालगं किंवा लाकडी खोका, वर ताडपत्री

षटकोनी भोकांची स्वस्त कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रं ती दाताने फाडतं आणि तिच्या मोठ्या भोकांतून मुंगूस आत शिरतं. म्हणून रात्रीचा निवारा तरी वेल्डमेशचाच असावा. जाळीचा खालचा काठ सहा इंच बाहेरच्या बाजूला दुमडून त्यावर दगड ठेवावेत, म्हणजे खालून उकरून कोणी येणार नाही. कोकणात आणि गोव्यात जांभा खणणं अवघड, तिथे खड्डा काढण्यापेक्षा हा दुमडलेला काठच सोयीचा.

दोन्ही बाजूंची दाण्याची भांडी सुरुवातीला जाळीपासून चार-पाच फूट लांब ठेवावीत. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज थोडी जवळ सरकवत दहाव्या दिवशी जाळीला भिडवावीत. दोन्ही गट एकाच वेळी, जाळीच्या दोन अंगांना शेजारी शेजारी खाऊ लागले की काम जमलं. चौदाव्या दिवशीही जुनी एखादी जाळीवर धडका देत असेल तर आणखी एक आठवडा थांबावं. इथे घाई केलेल्या दिवसांची भरपाई पुढे जखमा धुण्यात होते.

याच काळात रक्ती हगवणीची तयारीही होते. जुन्या कोंबड्यांच्या विष्ठेत तिचे जंतू असतात. त्यांना सवय झालेली असते, पण स्वच्छ जागी वाढलेल्या तलंगांना नसते. जुना कळप निरोगी असेल तर विलगीकरण संपल्यावर नव्यांच्या तुसात दर दोन-तीन दिवसांनी जुन्या खुराड्यातलं ओंजळभर कोरडं तूस मिसळावं. थोड्या संपर्काने अंगी प्रतिकार येतो. रक्ताळ विष्ठा, फुगलेली पिसं, झुकलेले पंख दिसले तर ते थांबवावं आणि दवाखान्यातून अँप्रोलियम आणून पाकिटावरच्या मात्रेने पाण्यात द्यावं. तूस मात्र कोरडंच हवं. मुठीत दाबून सोडल्यावर त्याचा गोळा टिकला तर ते ओलं आहे.

दोन्ही वयांना एकच खाद्य

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेयर खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढत्या तलंगेला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम तिच्या मूत्रपिंडांवर येतं. वरवर काही दिसत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी धडधाकट कोंबडी अचानक मरते. एकाच आवारात दोन खाद्यं वेगळी ठेवणं जमत नाही, कारण प्रत्येकीला दुसरीच्या भांड्यातलंच हवं असतं.

म्हणून जाळी काढायच्या आठवडाभर आधी सगळ्यांनाच १६ टक्के प्रथिनांचं ग्रोअर खाद्य सुरू करावं आणि कॅल्शियम वेगळ्या भांड्यात ठेवावं. शिंपल्यांचे गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे त्यासाठी उत्तम. किनारपट्टीवर तिसऱ्यांची कवचं धुऊन, उन्हात वाळवून, कुटून वापरता येतात. अंड्यावरच्या कोंबड्या गरजेपुरते तुकडे स्वतः उचलतात, तलंगा त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पहिली तलंग अंडं देऊ लागली की सगळ्यांना हळूहळू लेयर खाद्यावर न्यावं.

घरचं धान्य द्यायचं तर मका, ज्वारी, बाजरी, कणी यांचं मिश्रण चालतं, पण नुसत्या धान्यात प्रथिनं कमी पडतात. प्रथिनं आणि मीठ कमी पडलं की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खातात आणि आपण ते भांडण समजतो. मूठभर शेंगदाणा पेंड, अझोला, शेवग्याचा पाला जोडीला हवा.

आवारात काय बदलायचं

सोडण्याच्या दोन दिवस आधी आवाराची मांडणी बदलावी. दाण्याची भांडी दर पाच-सहा कोंबड्यांमागे एक, म्हणजे बारा पक्ष्यांना किमान दोन, मिसळण्याच्या काळात तीन. ती एकमेकांपासून आठ-दहा फूट लांब आणि एका भांड्याजवळून दुसरं दिसणार नाही अशी ठेवावीत. दबंग कोंबडी एकच भांडं राखू शकते, तीन नाही. पाण्याचंही तसंच. एका मोठ्या कोंबडीला दिवसाला पाव लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट.

लपायला आडोसे हवेत. भिंतीला तिरकी टेकवलेली फळी, दोन विटांवर ठेवलेली घमेली, तुराट्यांची उभी पेंडी, कमी उंचीचा बांबूचा मांडव, काहीही चालेल. पण प्रत्येक आडोशाला दोन तोंडं असलीच पाहिजेत. एकच तोंड असलेला खोका म्हणजे सापळा. पळणारी आत शिरते, मारणारी दारात उभी राहते आणि सगळ्यात वाईट जखमा अशाच जागी होतात. आवाराच्या काटकोनी कोपऱ्यांत फळी तिरकी लावून तिथे अडकायची सोय मोडावी. हेच आडोसे घारीपासूनही वाचवतात. नव्या पक्ष्यांना वरून सावली आली की कुठे पळायचं हे अजून ठाऊक नसतं.

जागेचं माप असं धरावं: खुराड्यात रात्रीसाठी दर कोंबडीमागे २ चौरस फूट, बाहेरच्या आवारात ८ ते १० चौरस फूट. बारा पक्ष्यांना ४ × ६ फुटांचं खुराडं आणि निदान १० × १२ फुटांचं आवार. यापेक्षा कमी असेल तर कितीही शिस्तीने मिसळा, टोचाटोची चालूच राहते.

जाळी उघडण्याचे दिवस

पहिले दोन दिवस सकाळी जुन्या कोंबड्यांना तासभर आत ठेवून फक्त तलंगांना आवारात सोडावं. पाणी कुठे, आडोसा कुठे, कप्प्यात परत जायची वाट कुठली, हे त्यांना मार खायच्या आधी कळलेलं असावं.

तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळायला दीड तास असताना, दोन्ही गट एकत्र सोडावेत. संध्याकाळी कोंबड्यांचं लक्ष पोट भरण्याकडे आणि बसायच्या जागेकडे असतं. शिवाय अंधार पडताच प्रकरण आपोआप थांबतं. सोडण्याआधी आवारभर मूठ-मूठ बाजरी विखरावी आणि मेथीच्या किंवा कोबीच्या पानांच्या दोन-तीन जुड्या कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वेगवेगळ्या ठिकाणी टांगाव्यात. आपण तिथेच बसावं. कप्प्याचं दार उघडंच ठेवावं, म्हणजे तलंगांना घर गाठता येईल. अंधार पडला की तलंगा पुन्हा कप्प्यात बंद.

हा वेळ रोज तासा-तासाने वाढवत न्यावा. पाचव्या-सहाव्या दिवशी दिवसभर एकत्र, रात्री वेगळ्या. आठवडाभर रक्त निघालं नाही तर रात्रही एकत्र करायला हरकत नाही.

तलंगा जुन्यांपेक्षा बऱ्याच लहान असतील तर दार उघडं टाकण्याऐवजी जाळीत चोरवाट ठेवावी. पाच इंच रुंद, साडेसहा-सात इंच उंच भोक, कडा तारेने गुंडाळलेल्या. तलंग निसटून आत जाते, मोठी कोंबडी बाहेर राहते. आत तलंगांचं दाणा-पाणी. जुन्या कोंबड्या गावठी असतील तर मात्र ही वाट निरुपयोगी ठरते, कारण सडपातळ गावठी त्याच भोकातून आत घुसते. भोक कापायच्या आधी पुठ्ठ्याचं माप करून दोन्हींवर अजमावून पाहावं.

रात्रीची जागा

‘रात्री गुपचूप दांडीवर बसवा, सकाळी जुन्यांना वाटेल की या आधीपासूनच इथे आहेत’ असा सल्ला गावोगावी मिळतो. तो खरा नाही. कोंबडी दुसऱ्या कोंबडीला तुरा आणि चेहऱ्यावरून ओळखते आणि सकाळी उजाडताच अनोळखी चेहरा तिच्या लगेच ध्यानात येतो. फरक एवढाच, की खुराडं अजून बंद असतं आणि पळायला जागा नसते. जाळीआडची ओळख झाल्यानंतर मात्र रात्री हलवणं हीच योग्य वेळ आहे, कारण अंधारात कोंबडी सुस्त असते.

पूर्ण अंधार पडल्यावर, बॅटरीवर लाल कापड बांधून, एकेक तलंग दोन्ही हातांत पंख दाबून उचलावी आणि दांडीच्या टोकाला, सगळ्या जवळ जवळ बसवाव्यात. दर कोंबडीमागे दांडी आठ ते दहा इंच हवी. बारा पक्ष्यांना एकूण दहा फूट, म्हणजे पाच फुटांच्या दोन दांड्या. दोन्ही एकाच उंचीच्या, एकमेकींपासून फूट-सव्वा फुटावर. एक वर आणि एक खाली ठेवली की वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडण होतं आणि खालच्यांच्या अंगावर वरच्यांची विष्ठा पडते.

पहिले चार-पाच दिवस उजाडायच्या आधी स्वतः जाऊन दार उघडावं. बंद खुराड्यातला पहाटेचा अर्धा तास हा सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत धोक्याचा वेळ. आळस करायचाच असेल तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी करावा.

चालू द्यावं कुठपर्यंत, हात घालावा कधी

डोक्यावर एखादी टोच, चार पावलं पाठलाग, मानेची पिसं फुलवून समोरासमोर उडी, दाण्यावरून हुसकावणं हे सगळं चालायचंच. काही सेकंदांत संपतं. पुढची चार लक्षणं मात्र वेगळी.

रक्त दिसलं की वाट न पाहता हात घालावा. लाल ठिपक्यावर बाकीच्या तुटून पडतात, अगदी स्वतःच्या गटातल्यासुद्धा. दोन-तीन जुन्या मिळून एकीला कोंडत असतील, तलंग दिवसभर दांडीवरून उतरतच नसेल किंवा भिंतीकडे तोंड करून उभी राहत असेल, तरीही हात घालावा. चौथं लक्षण नजरेला दिसत नाही, हाताला लागतं. झोपण्याच्या वेळी मानेखालची दाण्याची पिशवी चाचपावी. ती भरलेली, लिंबाएवढी तरी हवी. सपाट लागली तर तिला दिवसभर खाऊ दिलेलं नाही. आठवड्यातून एकदा ताणकाट्यावर पिशवीत घालून वजन करावं. वाढीच्या वयात वजन स्थिर राहिलं तरी ते चांगलं लक्षण नव्हे.

एकच कोंबडी मुख्य मारकुटी असेल तर बाहेर तिला काढावं, मार खाणारीला नव्हे. मार खाणारीला चार दिवस बाजूला काढलं तर ती परतल्यावर पुन्हा पाहुणी ठरते. मारकुटीला मात्र कळप दिसणार नाही अशा जागी चार-पाच दिवस ठेवावं. ती परत येते तेव्हा बाकीच्यांची घडी बसलेली असते आणि तिला आपली पायरी नव्याने मिळवावी लागते.

जखम झालीच तर अर्धा लिटर कोमट पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून धुवावी आणि पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावावं. त्यावर जांभळं औषध किंवा जखमेचा फवारा मारला की लाल रंग झाकला जातो. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत आसड्या पडतात, म्हणून दिवसातून दोनदा पाहावं. बरी होईपर्यंत तिला जुन्याच जाळीच्या कप्प्यात, एका सोबतिणीसह, कळपाच्या नजरेसमोर ठेवावं. त्यासाठीच जाळी महिनाभर मोडू नये.

कोंबड्याचं काय

जुना समंजस कोंबडा असला तर काम सोपं होतं. तो बहुधा तलंगांना स्वीकारतो आणि कोंबड्यांच्या भांडणात मध्ये पडतो. नवे नर मात्र आणू नयेत. एकत्र वाढलेले पिल्लू-नर तुरा लाल होईपर्यंत त्याला चालतात. चार-साडेचार महिन्यांत ते आरवायला लागले की रक्त काढेपर्यंत लढतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तलंगा गटातून आलेल्या तीन नरांपैकी या हिशेबात बसतील तेवढेच ठेवावेत, बाकीच्यांची सोय आधीच पाहावी. कोंबड्याची नखी वाढलेली असेल तर टोक कानशीने घासून बोथट करावं. तलंगांच्या पाठी त्यानेच फाटतात.

खुडूक कोंबडीकडून

घरात खुडूक कोंबडी असेल तर वर लिहिलेलं बरंचसं काम ती करते. दोन-अडीच आठवडे रवणावर बसलेल्या कोंबडीखाली, रात्री, एक ते तीन दिवसांची पिल्लं एकेक करून सरकवावीत आणि तेवढीच अंडी काढून घ्यावीत. तीन दिवसांपेक्षा मोठी पिल्लं तिला आई मानत नाहीत. पहाटे जाऊन पाहावं. ती ‘कुक् कुक्’ करून त्यांना पोटाशी घेत असेल तर ठीक, टोचत असेल तर लगेच काढून दिव्याखाली ठेवावीत. पहिले दहा-बारा दिवस मायलेकरं वेगळ्या डालग्यात, मग कळपात. कोणी पिल्लाकडे पाहिलं तरी ती अंगावर जाते.

सात-आठ आठवड्यांनी तीच कोंबडी पिल्लांना टोचून दूर करू लागते आणि पुन्हा अंड्यावर येते. तेव्हा पिल्लांची ढाल जाते. त्या आठवड्यात जादा भांडी आणि चोरवाट तयार असावी.

पहिली अंडी

सगळं शांत झालं असं वाटत असतानाच दोन-तीन महिन्यांनी दुसरं छोटं भांडण उद्भवतं, अंडी घालायच्या जागेवरून. तलंगेचा तुरा तांबडा होतो, हात लावला की ती खाली बसते. म्हणजे अंडं दहा-पंधरा दिवसांवर आलं. तेव्हाच चार-पाच कोंबड्यांमागे एक या हिशेबाने फूटभर लांब-रुंद-उंच खोके वाढवावेत. नवा खोका जुन्यांपासून दूर, अंधाऱ्या बाजूला, जमिनीपासून फूट-दीड फुटावर आणि दांडीपेक्षा खाली ठेवावा. दांडीच्या वर असला तर त्यात झोपायला जातात आणि पेंढा घाण करतात. खोक्यात वाळका पेंढा घालून प्लॅस्टिकचं किंवा लाकडी खोटं अंडं ठेवलं की तलंगा ती जागा धरतात. ते नसेल तर तुराट्यांच्या पेंडीमागे अंडी जमत राहतात आणि सापडतात तेव्हा कुजलेली असतात.